पान एकशे बारा

शनिवार पेठेत पिठाच्या गिरणीवर एक वाचनालय आहे.
खाली पट्टा फिरायला लागला
की वर कपाटं थरथरतात,
पुस्तकांच्या डोक्यावर ज्वारीचा बारीक थर बसतो.
पहिल्यांदा गेलो तेव्हा
पायातले सेफ्टी बूट काढावेत की नाही, कळेना.

टेबलाशी शिकलगार मॅडम. चष्मा दोरीला.
'काय पायजे?'
म्हटलं, 'कुणी मरत नाही असलं एक पुस्तक द्या.'
त्यांनी वर बघितलं.
'म्हणजे रडू यायला नको?'
'रडलेलं चालंल. मेलेलं नको.'

कारण सांगितलं नाही.
कारण सीपीआरमध्ये झोपून होतं,
खाटेची पायाकडची बाजू दोन विटांवर,
सातवा लागून चार दिवस.
डॉक्टरीण म्हणालेली, हलायचं नाही,
पोटात राहील तेवढा दिवस कमावला.
मी कॅलेंडरवर कमाई मांडत होतो.
सुप्रभा पंख्याची पाती मोजत होती.
तीन होती. रोज तीनच भरायची.

मॅडमनी आधी एक गुळगुळीत पुस्तक दिलं,
कव्हरवर सूर्य उगवलेला,
आत सुखी कसं व्हायचं त्याची यादी.
दुसऱ्या दिवशी परत नेलं.
'ह्यात नुसतं सांगत्यात. कुणी काय करतच नाही.'
तेव्हा त्या हसल्या.
स्टुलावर चढल्या, मागच्या रांगेतनं एक ओढलं,
फुंकर मारली.
आमच्या दोघांच्या मधे पिठाचा ढग.

छत्र्या दुरुस्त करणारा एक माणूस,
चिंचेवरनं भांडणाऱ्या दोन शेजारणी,
एक लंगडं कुत्रं. बास, एवढंच.
पण शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं कुणीतरी:
'पान ११२ वर कुत्रं हरवतं. घाबरू नये. १३९ वर येतं.'
त्याखाली दुसरं अक्षर: 'खरंच येतं.'
त्याखाली तिसरं, म्हाताऱ्या हाताचं:
'मी दोनदा बघून घेतलं.'

आयुष्यात जॉबकार्डापलीकडं वाचलं नव्हतं.
शब्द अडखळायचे, स्वल्पविराम खायचो.
शेजारच्या खाटेवरची कागलची बाई म्हणाली,
'जरा मोठ्यानं वाचा की. आमालाबी.'
एकशे बाराला फरशी पुसणारी मावशी थांबली,
फडकं बादलीत तसंच.
'मग?'
'वेळ संपली,' मी म्हटलं. खरंच संपली होती,
वॉचमन काठी आपटत होता.
निघताना सुप्रभाला कोरं पान दाखवलं.
तिनं तिन्ही अक्षरांवरनं बोट फिरवलं
आणि तोच हात पोटावर ठेवून झोपली.

मी शिरोलीला फौंड्रीत पॅटर्न करतो, लाकडाचे.
साचा मापापेक्षा थोडा मोठा धरायचा असतो,
ओतलेलं बीड निवताना आकसतं.
रात्रपाळीला रंधा मारता मारता वाटलं,
असली पुस्तकं लिहिणाऱ्याला हे ठाऊक असणार.
माणसं जरा जास्तच चांगली धरलेली,
आपल्यात येऊन निवेस्तोवर
बरोबर मापात बसतात.
फोरमनला सांगितलं नाही. तो म्हणाला असता, झोप काढ जा.

तेवीस दिवस कमावले. चोविसाव्याला नाही जमलं.
आता ती काचेच्या पेटीत आहे,
मूठ माझ्या नखाएवढी, टोपी तिच्या डोक्याहून मोठी.
शेवटचं प्रकरण आम्ही मुद्दाम ठेवलंय.
सुप्रभा म्हणते, घरी गेल्यावर.

मुदत कधीच उलटून गेली होती.
दंडाचे सुटे खिशात घेऊन जिना चढलो.
मॅडमनी मान खालीच ठेवून विचारलं,
'कुठवर आलंय?'
मी म्हटलं, 'एक किलो सहाशे.'

खाली कुणाचं तरी दळण पडलं,
टेबल हलायला लागलं.
त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला,
कार्डावर नवी तारीख मारली
आणि पुस्तक तसंच माझ्याकडं सरकवलं.